बोट पकडण्याआधी जेनोवात दोन रात्री: गुडघेदुखी, शाकाहार आणि चढ-उतारांचं शहर

ठाण्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शुक्रवारी सकाळी मिलानच्या मालपेन्सा विमानतळावर उतरणार, रविवारी संध्याकाळी जेनोवाहून क्रूझ सुटणार, मधे दोन रात्री मोकळ्या. बरोबर नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या मासे-मटण-अंडं काही खात नाहीत. जेनोवात बघण्यासारखं फारसं नाही असं कुणीतरी सांगितल्यामुळे शनिवारी पहाटे निघून चिंक्वे तेर्रे आणि येताना पोर्तोफिनो ही जवळची समुद्रकाठची ठिकाणं करायचा त्यांचा विचार आहे. तो बरोबर आहे का?

ताई, मी गेली पंधरा वर्षं पुण्याहून छोटे गट घेऊन इटलीत जाते आणि माझ्या गटांत निम्मी माणसं साठीच्या पुढची असतात. त्या अनुभवावरून सांगते: शनिवारचा चिंक्वे तेर्रेचा बेत रद्द करा. ती पाच गावं सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण जेनोवाहून तिथपर्यंत गाडीने साधारण तास-दीड तास, तेवढाच वेळ परत, वर शनिवारची गर्दी. पाचही गावं डोंगरउतारावर वसलेली. त्यातल्या कोर्निल्या गावात तर स्टेशनवरून वर जायला जवळपास ३८० पायऱ्या आहेत. बस असते, पण हंगामात तिच्यासाठी रांग लागते. सासूबाई दिवसभर कुठल्यातरी बाकावर बसून राहतील, तुम्ही त्यांच्या काळजीने अर्धवट बघाल, आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर चढताना सगळ्यांचे पाय भरून आलेले असतील. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागण्यातला हा प्रकार आहे, कारण हातात जे शहर आहे ते दोन दिवसांत जेमतेम बघून होतं.

जेनोवाचं नियोजन करताना एक गोष्ट मनात पक्की धरा. डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर एकावर एक रचल्यासारखं उभं आहे. त्यामुळे नकाशावरचं अंतर इथे उपयोगाचं नाही. दोन ठिकाणांत किती मीटर आहेत हे विचारू नका, किती चढ आहे आणि पायऱ्या आहेत का ते विचारा. हा धडा मी घाम गाळून शिकले. सुरुवातीच्या एका सहलीत ‘स्टेशनपासून ३०० मीटर’ अशी जाहिरात बघून हॉटेल घेतलं. अंतर खरंच तेवढंच होतं, पण ते ३०० मीटर म्हणजे विटांच्या पायऱ्यांची उभी गल्ली निघाली. अकरा बॅगा, सहा आजी-आजोबा आणि वर कडक ऊन. तेव्हापासून जेनोवात खोली घेण्याआधी मी पत्ता वाचते. पत्त्यात ‘सालिता’ हा शब्द आला की चढ आला समजायचं, ‘स्कालिनाता’ म्हणजे तर सरळ जिनाच. हॉटेलात लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की आधी अर्धा मजला चढावा लागतो, हेही ईमेल करून विचारून घ्या. जुन्या इमारतींत हे हमखास होतं.

तुम्ही ब्रिन्योले स्टेशन ते पियात्सा दे फेरारी या पट्ट्यात राहा. हा भाग बराचसा सपाट आहे, रुंद फुटपाथ आहेत, आणि विया व्हेन्ती सेत्तेंब्रे या मुख्य रस्त्याला कमानींची सावली आहे, पाऊस आला तरी भिजायला होत नाही. क्रूझची गोदी दुसऱ्या टोकाला, पियात्सा प्रिंचिपे स्टेशनाजवळ आहे, म्हणून बरेच जण तिकडे खोली घेतात. पण तिकडच्या गल्ल्या रात्री सासूबाईंना आणि मुलीला घेऊन हिंडायला मला पसंत नाहीत. रविवारी बॅगांसकट टॅक्सी केलीत की काम झालं.

आता येण्याचं. मालपेन्साहून विमानतळाच्या रेल्वेने मिलान सेंत्राले, तिथून जेनोवाची गाडी, साधारण पावणेदोन तास. तिकीट काढताना गावाचं नाव नीट वाचा. इटालियनमध्ये ‘जेनोवा’ म्हणजे हे बंदर आणि ‘जिनेव्रा’ म्हणजे स्वित्झर्लंडचं जिनिव्हा. मिलान सेंत्रालेहून दोन्हीकडे गाड्या सुटतात, आणि झोपमोड झालेल्या डोळ्यांना ही दोन नावं सारखीच दिसतात. शिवाय जेनोवा नावाची स्टेशनं अनेक आहेत. तुम्हाला ‘जेनोवा ब्रिन्योले’ हवं. काही गाड्या प्रिंचिपेलाच संपतात. मग तिथून मेट्रोने ब्रिन्योले गाठता येतं. मेट्रोची एकच मार्गिका आहे, आठ स्टेशनं, चुकायची भीती नाही. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट काढलंत तर चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. आणि निघण्याच्या आठवड्यात रेल्वेचा संप आहे का ते बघा. त्याला तिकडे ‘शोपेरो’ म्हणतात, आणि तो आधी जाहीर केलेला असतो. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या धावतात.

शुक्रवारी दुपारी पोचल्यावर काही ठरवू नका. आंघोळ, तासभर झोप. सूर्य उतरायला लागला की टॅक्सीने पियात्सा पोर्तेलोला जा. तिथे दोन बोगद्यांच्या मधे एक पादचारी भुयार आहे, भिंतींना जुन्या पांढुरक्या फरशा. आत थोडं सपाट चालत गेलात की समोर लिफ्ट येते. १९०९ सालची ही लिफ्ट म्हणजे शहराच्या बससेवेचाच एक भाग. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आज्या, दप्तरवाली मुलं, सगळे तिच्यातून घरी जातात. वर दार उघडलं की कास्तेलेत्तोची गच्ची. खाली स्लेटच्या राखाडी छपरांचा पसारा, त्यातून डोकं काढणारे घंटाघरांचे मनोरे, पलीकडे क्रेन आणि बोटी, आणि उजव्या हाताला दूरवर लँटेर्ना. हे दीपगृह १५४३ सालचं, ७७ मीटर उंच, अजून चालू आहे. सासूबाईंना एक पायरी न चढता अख्खं जेनोवा दिसेल. वर बाकं आहेत, आइस्क्रीम मिळतं. माझ्या गटातल्या कित्येकांनी परत आल्यावर या संध्याकाळचीच आठवण काढली आहे. उतरताना लिफ्टनेच उतरा. दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा पायऱ्या उतरणं जास्त जड जातं, हे त्यांना ठाऊक असेलच, आपण धडधाकट माणसं ते विसरतो.

अशी वर-खाली करणारी साधनं या शहरात बरीच आहेत. मुलीला मजा हवी असेल तर विया बाल्बीवरून माँतेगालेत्तोला जाणारी लिफ्ट दाखवा. तिचा डबा आधी बोगद्यातून रुळांवर आडवा धावतो आणि मग तोच डबा उभा वर चढतो. त्सेक्का ते रीगी हा दोरखंडाने ओढला जाणारा डब्यांचा मार्ग पंधरा-वीस मिनिटांत डोंगरमाथ्यावर नेतो. मात्र यातलं एखादं साधन दुरुस्तीसाठी बंद असू शकतं, म्हणून आदल्या रात्री हॉटेलात विचारून घ्या.

शनिवारी सकाळी विया गारिबाल्दी. सोळाव्या शतकात इथल्या सावकार घराण्यांनी हा अख्खा रस्ता नव्याने आखून दोन्ही बाजूंनी वाडे बांधले. जेनोवाच्या प्रजासत्ताकाकडे राजवाडा नव्हता. मग परदेशी राजे-सरदार आले की त्यांना उतरवायचं कुठे? त्यासाठी शहरातल्या उत्तम वाड्यांच्या याद्या केल्या, त्यांना ‘रोली’ म्हणत. पाहुणा जेवढा मोठा त्या प्रतीचा वाडा, आणि त्या प्रतीतून चिठ्ठी काढून यजमान ठरायचा. ज्याचं नाव निघेल त्याने पाहुणचार करायचा. या वाड्यांपैकी ४२ वाडे २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. तीन वाड्यांत मिळून शहराचं संग्रहालय आहे: पालात्सो रोसो, पालात्सो बियांको आणि पालात्सो तुर्सी. तिन्ही करायच्या भानगडीत पडू नका. तुर्सीमध्ये निकोलो पागानिनीचं व्हायोलिन आहे, ग्वार्नेरीने १७४३ साली बनवलेलं. त्याच्या दणदणीत आवाजामुळे पागानिनी त्याला ‘तोफ’ म्हणायचा आणि मरताना ते त्याने आपल्या जन्मगावाला देऊन टाकलं. मुलगी एखादं वाद्य शिकत असेल तर तिला इथे पाच मिनिटं शांत उभी राहू द्या. सोमवारी संग्रहालयं बहुतेक बंद असतात, तुमचा शनिवार आहे, अडचण नाही.

तिथून दे फेरारी चौकात या आणि विया सान लोरेन्त्सोने खाली उतरा. ही वाट मी मुद्दाम सांगते आहे. वाहनं नाहीत, पायऱ्या नाहीत, एकसारखा हलका उतार, आणि थेट बंदरावर सोडते. वाटेत काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सान लोरेन्त्सो कॅथेड्रल लागतं. आत शिरल्यावर उजवीकडे बघा, माणसाच्या छातीला येईल एवढा तोफगोळा उभा करून ठेवला आहे. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश नौदलाने समुद्रातून शहरावर मारा केला, तेव्हा असा एक गोळा भिंत फोडून आत आला आणि फुटलाच नाही. लोक प्रार्थनेला येतात, त्या गोळ्यावरून नजर फिरवतात आणि पुढे जातात.

कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला बिशपच्या अखत्यारीतलं एक लहान संग्रहालय आहे, तिथे फारसं कुणी जात नाही. तुम्ही जा. निळीने रंगवलेल्या लिननच्या कापडावर पांढऱ्या रंगाने ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांची चित्रं काढलेली आहेत, भिंतभर मोठी, सोळाव्या शतकातली. जेनोवाच्या बंदरातून असलं निळं जाडंभरडं कापड युरोपभर जायचं, आणि शहराच्या फ्रेंच नावावरून, ‘जेन’वरून, ‘जीन्स’ हा शब्द आला. आपल्याकडे मुंबईच्या डोंगरीत मिळणाऱ्या जाड्या कापडावरून इंग्रजीत ‘डंगरी’ शब्द गेला. दोन बंदरं, दोन्हीकडे खलाशांचं आणि हमालांचं कापड, आणि दोन्ही शब्द आज तुमच्या मुलीच्या कपाटात लटकत असतील. तिला हे सांगा, तिथेच, त्या निळ्या कापडासमोर.

उतार संपतो तिथे रंगीत भित्तिचित्रांचा पालात्सो सान जॉर्जो. ठाणेकरांनी इथे दोन मिनिटं थांबायलाच हवं. १२९८ मध्ये मार्को पोलो जेनोवाच्या कैदेत होता आणि पिसाच्या रुस्तिकेलो नावाच्या सहकैद्याला त्याने आपल्या प्रवासाची हकिकत सांगितली. ती याच इमारतीत, असं परंपरेने मानतात. त्या हकिकतीत तुमच्या ठाण्याचं वर्णन आहे, ‘ताना’ या नावाने: तिथून कातडी आणि सुती कापड जातं, आणि तिथला राजा चाच्यांशी संगनमत करून लुटीतले घोडे स्वतःला ठेवून घेतो. तुमच्या गावाची ही बातमी एका कैद्याने या बंदरात बसून जगाला सांगितली.

समोरचं जुनं बंदर, पोर्तो अंतिको, सगळं सपाट आहे. कोलंबसच्या सफरीला पाचशे वर्षं झाली म्हणून १९९२ मध्ये इथे प्रदर्शन भरलं, तेव्हा याच गावच्या रेंत्सो पियानो या वास्तुकाराने बंद पडलेली गोदी लोकांसाठी मोकळी केली. मत्स्यालय तेव्हाचंच. ते बघायला अडीच-तीन तास लागतात, तिकीट आधी वेळ ठरवून घ्यावं लागतं. मुलीचा हट्ट असेल तरच करा. माझं विचाराल तर त्याऐवजी गालाता हे समुद्राचं संग्रहालय बघा. इथून जहाजांत कोंबून अमेरिकेला गेलेल्या लाखो गरीब इटालियनांची कहाणी तिथे नीट मांडली आहे. बाहेर पाण्यात ‘नात्सारियो साउरो’ ही पाणबुडी आहे. तिच्या आतली दारं वाकून, पाय उचलून ओलांडावी लागतात, तेव्हा तिथे बापलेकीला पाठवा आणि तुम्ही दोघी बाहेर कॉफी घ्या. परतताना चढ चढू नका. सान जॉर्जो स्टेशनवरून मेट्रोने वर या.

संध्याकाळी नेर्वी. समुद्रच बघायचा असेल तर चिंक्वे तेर्रेपर्यंत कशाला, ब्रिन्योलेहून लोकल गाडीने पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही नेर्वीला असता. स्टेशन समुद्राला लागूनच आहे आणि तिथून काळ्या खडकांच्या कडेने सुमारे दोन किलोमीटरची फरसबंद वाट जाते. एका बाजूला कठडा, खाली लाटा, जागोजागी बाकं. पोर्तोफिनोचा डोंगर लांबून दिसतो, तेवढं पोर्तोफिनो या खेपेला पुरे.

पत्त्यांबद्दल एक इशारा. या शहरात घरांना काळे क्रमांक आणि दुकानं-खानावळींना लाल क्रमांक असतात, आणि दोन्हींची मोजणी वेगळी. पत्त्यात आकड्यापुढे ‘आर’ असेल तर तो लाल. एकदा आम्ही बारा जण जेवायला म्हणून काळ्या २३ नंबरच्या दाराची घंटा वाजवत उभे होतो. वरून एका आजींनी खिडकी उघडून, हातवारे करत, गल्लीच्या पार पुढच्या टोकाला असलेला लाल २३ दाखवला.

आता जेवण. शाकाहारी माणसाला जेनोवाच्या या लिगुरिया प्रांताइतका प्रेमळ प्रांत इटलीत मला दुसरा सापडला नाही. फारिनाता म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्हचं तेल आणि मीठ. तांब्याच्या भल्या मोठ्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडा कुरकुरीत, मधे मऊ, वर मिरपूड. सासूबाई पहिल्या घासाला म्हणतील, हे तर आपलं धिरडं! पानिस्सा तर जवळजवळ पाटवडीच: पीठ शिजवून, थापून, तुकडे पाडून तळतात. सकाळी फोकाच्चा घ्या. तेल-मिठाच्या पाण्याने भिजलेली, बोटांचे खळगे पडलेली ही रोटी वजनावर मिळते, ‘उन एत्तो’ म्हटलं की शंभर ग्रॅम. इथले लोक ती कॉफीत बुडवून खातात. खारी बुडवणाऱ्यांना सांगायला नको.

पण दोन ठिकाणी सावध राहा. काही बेकऱ्या फोकाच्चात डुकराची चरबी घालतात, तिला ‘स्त्रुत्तो’ म्हणतात. ‘चे स्त्रुत्तो?’ एवढं विचारलं की खरं उत्तर मिळतं. आणि पेस्तो: तुळशीच्या कुळातल्या बाझिलची चटणी, तिच्यात लसूण असतो आणि पार्मिजानो चीज. पार्मिजानो घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं. सासूबाईंना हे आधीच सांगा आणि त्यांना ठरवू द्या. मी कधीच लपवत नाही. चालत असेल तर बटाटा आणि फरसबी घातलेला पेस्तोचा पास्ता जरूर खा, नसेल तर ‘सेन्त्सा फोर्माज्जो’, म्हणजे चीजशिवाय, असं सांगून टोमॅटोचा पास्ता मागवा. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात आणि रात्री साडेसातआधी उघडत नाहीत, तोवर भूक धरायला पिशवीत फोकाच्चा असू द्या.

तुमचे दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरचे असतील तर हवामानाकडे लक्ष ठेवा. डोंगरातून येणारे ओढे तासाभरात फुगतात. २०११ आणि २०१४ मध्ये शहराने भीषण पूर पाहिले आहेत. पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे जाहीर होतात. लाल असेल त्या दिवशी ओढ्याकाठच्या रस्त्यांवर जायचं नाही, संग्रहालयंही बंद राहू शकतात.

रविवारची सकाळ मोकळी ठेवा. कुणाला उत्साह असेल तर एक जण, फार तर दोघं, टॅक्सीने स्टाल्येनोच्या दफनभूमीत जाऊन या. तिथे कातेरिना कांपोदोनिको हिचा पुतळा आहे. ही बाई जत्रांमधून सुकामेवा आणि कडबोळ्यांसारखी बिस्किटं विकायची. पै-पै साठवून १८८१ मध्ये तिने स्वतःचाच पुतळा नामांकित शिल्पकाराकडून करून घेतला. शालीची झालर, पोलक्याची लेस, हातातल्या सुकामेव्याच्या माळा, सगळं संगमरवरात. श्रीमंतांच्या रांगेत ती आपला माल घेऊन ताठ उभी आहे. वरच्या अंगाला इटलीच्या एकीकरणासाठी झटलेल्या मॅझिनीची समाधी आहे. तो याच गावचा, जन्म १८०५. सावरकरांनी त्याच्या लेखनाचा मराठी अनुवाद केला, तो १९०७ साली निघाला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने हे नाव छातीशी धरलं होतं.

शेवटी बोटीचं. तिकिटावर ‘जेनोवा’च लिहिलंय ना हे पुन्हा बघा, काही क्रूझ पन्नास किलोमीटरवरच्या साव्होनाहून सुटतात. टॅक्सीवाल्याला ‘स्तात्सियोने मारित्तिमा’ आणि बोटीचं नाव सांगा. नुसतं ‘बंदर’ म्हटलंत तर तो सार्दिनिया आणि ट्युनिसच्या फेरीबोटींच्या धक्क्यावर नेऊन सोडेल, आणि तो धक्का वेगळा आहे. बोट मधे ट्युनिशियासारख्या शेंगेनबाहेरच्या देशाला लागत असेल तर व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा हवा, हे आजच तपासा. धक्क्यावर मोठ्या बॅगा आधी काढून घेतात आणि त्या खोलीच्या दारात यायला संध्याकाळ होऊ शकते. सासूबाईंची औषधं, गुडघ्याचा पट्टा, पासपोर्ट आणि दुपारचं खाणं हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.